अक्काचं नाव आणि घमेल्यातली बिस्किटं

वर्षातले सहा महिने आमच्या घराला कुलूप असायचं. कुलूप तरी कसलं, कडीला सुतळी बांधलेली. आत चोरण्यासारखं काही नव्हतं. दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक यायचा आणि पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव निम्मं रिकामं व्हायचं. आई आणि आबा मिळून एक कोयता. कारखान्याच्या लेखी नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आम्ही पोरी कशातच धरलेल्या नव्हतो.

कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी असायची. आत जाताना मोठ्या माणसाला वाकावं लागायचं, आम्हाला नाही. अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आई उसाच्या फडात गेली की भाकरी तिने करायची आणि मला तिने सांभाळायचं. दोन्ही एकदम कसं करायचं, तर जुन्या लुगड्याची पट्टी फाडून एक टोक माझ्या पायाला आणि दुसरं तिच्या मनगटाला. मी चुलीकडे धावायला लागले की तिच्या हाताला हिसका बसायचा. ती मला न बघताच ओढायची आणि भाकर उलटायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. मला हे आठवत नाही, आईने सांगितलेलं आहे. अक्काच्या मनगटाला मात्र ते आठवतं असं ती म्हणते.

त्याआधी जून महिन्यात गावातल्या शाळेचे सर घरोघर फिरून पोरं गोळा करून गेले होते. अक्काचं नाव पहिलीत लागलं. दसऱ्यापर्यंत ती शाळेत गेली, नंतर उसाला. नाव शाळेत राहिलं आणि ती गेली. दोन वर्षं असंच. गैरहजेरीमुळे नाव पहिलीतून वर सरकलं नाही आणि पटावरून निघालंही नाही.

मी पाच वर्षांची झाले तेव्हा मला गावात चुलतीजवळ ठेवलं. त्या काळी शाळेत हजेरी भरली की पोराला महिन्याला तांदूळ मिळायचे. चुलतीने विचार केला, नाव तर घरातलं लागलेलंच आहे, पोरगीही घरातलीच आहे. तिने माझं डोकं तेल लावून चापून चोपून विंचरलं, शाळेच्या दारात नेलं आणि सांगितलं, "सरांनी अक्काचं नाव घेतलं की तू हजर म्हनायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई."

मी म्हणाले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. पटावरची एक गैरहजर पोरगी हजर झाली होती, याचंच त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी बरोबरची खूण केली.

त्या एका खुणेवर माझं सगळं शिक्षण झालं. चौथी, सातवी, दहावी, वसतिगृह, बी. ए., एम. ए., सगळीकडे नाव अक्काचं आणि जन्मतारीखही अक्काची. कागदावर मी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे सरकारी नोकरीची वयाची अट माझ्यासाठी तीन वर्षं आधीच संपली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवणार नाही. पदवीदानाच्या दिवशी अक्काचं नाव पुकारलं गेलं, मी उठले आणि मागच्या रांगेत बसून अक्काने टाळ्या वाजवल्या.

तिचं स्वतःचं नाव तोपर्यंत गेलेलंच होतं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत अजून आहे. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवं नाव लिहितो. अक्काच्या सासरच्यांना तिचं नाव जुनाट वाटलं होतं. तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. पुढे ऊसतोडीच्या यादीत, रेशनकार्डावर, आधारवर तेच लागलं. म्हणजे अक्काचं बारशातलं नाव मी वापरते, अक्का सासरचं वापरते, आणि माझं बारशातलं नाव आई हाक मारते तेव्हापुरतं असतं. ही नावं मी इथे लिहीत नाही. ती जिथे लिहायची होती तिथे लिहिली आहेत.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी पाथर्डीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आबा जाऊन चार वर्षं झाली. अक्का आणि दाजी परवा कोपरगावच्या बाजूला उसाला निघणार होते, म्हणून अक्का आईला माझ्याकडे सोडायला आली होती. आईचे गुडघे आता फडाचे राहिले नाहीत. अक्का पिशवीतून आईची औषधं काढून मला समजावत होती, तेवढ्यात फोन वाजला.

पुण्याच्या प्रकाशनाच्या संपादक बाई बोलत होत्या. माझ्या बारा लेखांचं हस्तलिखित त्यांच्याकडे आठ महिने पडून होतं. मी आशा सोडलेली नव्हती, पण तसं कोणाला सांगत नव्हते. बाई म्हणाल्या, "पुस्तक आम्ही घेतोय. सातवा लेख तर आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला. हसून हसून पुरेवाट झाली."

मी उभी होते ती खाली बसले. बाई पुढे बोलत होत्या. मुखपृष्ठाचं काम लगेच द्यायचं होतं. "एकच शंका आहे. तुमच्या मेलवर एक नाव दिसतंय आणि मनोगताखाली दुसरंच आहे. यातलं टोपणनाव कुठलं? संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे नव्या पुस्तकांच्या यादीत घेता येईल."

मनोगताखाली मी माझं बारशाचं नाव लिहिलं होतं. का लिहिलं, मलाही नीट सांगता येणार नाही. कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं, हे खरं.

फोन ठेवला तर दोघी माझ्याकडे बघत होत्या. आईला वाटलं कोणीतरी गेलं.

"कोन वारलं गं?"

"कोणी नाही. माझं पुस्तक छापणार आहेत."

आईने कपाळाला हात लावला. "मंग तोंड असं का केलं? जीव गेला की माझा!"

अक्का मात्र उठली. तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "मास्तरीनबाई, आज तोंड गोड केल्याबिगर मी जात न्हाई. आन पेढे."

पेढे म्हटल्यावर मला वेगळंच सुचलं. दिवाळीत आमच्याकडे बेकरीच्या भट्टीवर सामान नेऊन बिस्किटं पाडून आणायची पद्धत आहे. पीठ, तूप, साखर आपली, भट्टी त्यांची. मोठमोठे पत्र्याचे डबे डोक्यावर घेऊन बायका रांगेत बसतात. अक्काच्या नशिबात ते कधी आलं नाही, कारण दिवाळीला ती तळावर असायची. गावी परत आल्यावर चुलतीच्या डब्यात तळाशी उरलेला चुरा मिळायचा. अक्का तो बोटाला थुंकी लावून टिपायची. मी म्हणाले, "चल, आज भट्टीवर जाऊ. आपली बिस्किटं आपण पाडून आणू."

मैदा नव्हता. गव्हाचं पीठ, थोडं बेसन, थोडा रवा आणि तूप घेतलं. साखर चहापुरतीच उरली होती, म्हणून गूळ घेतला. पिशवी भरून दोघी भट्टीवर गेलो. शटर खाली. शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं, "भट्टीवाले चाचा नगरला गेलेत. पुतनीचा निकाह हाय. परवा उघडत्याल."

परवा अक्का नसणार होती.

"मंग काय झालं?" अक्का म्हणाली. "भट्टी म्हंजी काय आसतं? खाली आर, वर आर. चल घरी."

आमच्या बिल्डिंगखाली बांधकामाची वाळू पडलेली होती. अक्काने ओंजळी ओंजळीने चाळून ती घमेल्यात भरली. घमेलं घरमालकांचं, सिमेंट लागलेलं, ते तिने आधी घासून काढलं. घमेलं एका शेगडीवर, वाळूत एक वाटी पालथी, वाटीवर ताटली, वरून परात झाकायची. दुसऱ्या शेगडीवर तवा तापवायचा आणि लाल होत आला की सांडशीने उचलून परातीवर ठेवायचा. वरचा आर, म्हणजे वरची आच, झाली. हे सगळं तिने मला एकदाही न विचारता केलं. मी मोबाईलवर किती मिनिटं ते शोधत होते तेवढ्यात तिचं झालंसुद्धा.

"त्यो मोबाईल बाजूला ठिव आनि गूळ चिर," ती म्हणाली.

पीठ मळलं. गोळे करायला आई बसली. गुडघे गेले तरी हात शाबूत आहेत. तिने गोळा हातावर घेतला, थापला, ताटलीत ठेवला आणि पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून वरून पाण्याचा हात फिरवला. दुसरा गोळा, पुन्हा पाणी. माझं लक्ष जाईपर्यंत ताटली भरली होती.

"आई, पाणी कशाला लावलंस?"

"पानी लावल्याबिगर भाकर फुगत न्हाई."

"ही भाकर नाही गं, बिस्किटं आहेत."

"आगीवर चाललंय ना? मंग पानी लागतंच," आई ठामपणे म्हणाली. चाळीस वर्षं जे केलं ते एका फोनमुळे कशाला बदलेल?

अक्का हसून हसून भिंतीला टेकली. "राहू दे गं. पहिला घाना आईचा. फुगली तर भाकर, न्हाई फुगली तर बिस्कुट."

परात झाकली, वर तवा ठेवला. आता वाट बघायची. अक्का म्हणाली, "तवर वाच की काय लिवलंय ते. ते सातवं वाच. बाई हासल्या म्हनं."

तिला फोनवरचं ऐकू गेलं होतं. मी चटकन उठले आणि हस्तलिखिताची झेरॉक्स काढली. खरं सांगायचं तर मला वाचून दाखवायचंच होतं. आईला अक्षर कळत नाही, अक्काला पाट्या वाचता येतात. या दोघींना मी काय केलं ते एकदा कळावं, असं मनात होतं.

सातवा लेख शाळेचा आहे. आधी चुलती आणि तांदूळ. आई तिथे हसायला लागली, "अगदी तशीच हुती बया." मग पुढचा जून. उसावरून परत आलेली मोठी बहीण धुतलेला फ्रॉक घालून शाळेत येते आणि शेवटच्या ओळीत बसते. सर नाव घेतात. एकाच नावाला दोन कोपऱ्यांतून दोन पोरी एकदम 'हजर सर' म्हणून ओरडतात. वर्ग खो खो हसतो. सर म्हणतात, या नावाला आता शिंगं फुटायची बाकी आहेत. मी लिहिलं होतं, 'मोठी बहीणही हसत हसत उठली, दप्तर उचललं आणि घरी पळाली. तिला शाळेची आवड कधी नव्हतीच.'

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी अक्काकडे पाहिलं. तिने तवा उचलला, परत शेगडीवर ठेवला, तापवला, पुन्हा परातीवर ठेवला. सावकाश. मग म्हणाली,

"मी हासले न्हवते."

मी झेरॉक्सचं पान खाली ठेवलं.

"हासत तू हुती. पुढं बसून, मागं वळून. दोन दात पडले हुते तुझे. मला दिसतंय अजून."

"अक्का, मी पाच-सहा वर्षांची होते."

"मी नऊची हुते. मी कुठं म्हनते तुझी चूक हाय? पन तू लिवलंय मी हासले. शाळंची आवड नव्हती, आसं लिवलंय. कोन म्हनलं तुला?"

कोण म्हणालं होतं? आबा म्हणायचे. घरात ही गोष्ट इतक्या वेळा हसून सांगितली गेली होती की मी ती आठवण म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच उचलली होती. पाहुणे आले की आबा सांगायचे. अक्का तेव्हा चहा करत असायची.

"सर म्हनले, एका नावाला एकच पोरगी बसंल. ही रोज येती, तू दसऱ्याला जानार," अक्का सांगत होती. "चुलती म्हनली, हिला धाकटीच्या नावानं घाला. सर म्हनले, घालतो, पन पहिलीत. आबा म्हनले, ऱ्हाऊ द्या, दसऱ्याला न्यायचीच हाय तिला. झालं. मी तीन दिस शाळंच्या मागं बसले. भिंतीला कान लावला की आतलं ऐकू यायचं. तुमी पाडे म्हनायचा, मी बी म्हनायचे. चवथ्या दिवशी आबांनी शेरडं हाती दिली."

आईचं हसणं केव्हाच थांबलं होतं. "मला कुठं काय कळत हुतं? सर म्हनतील ते खरं," ती म्हणाली. मग एकदम माझ्याकडे वळून, "आनि तू आता ते उकरू नगं. नाव काय लिवायचं ते लिव. उद्या कुनी कागद तपासलं तर नोकरी जाईल तुझी. मंग कुठं जानार? कोयता घ्यायला?"

तेव्हा करपल्याचा वास आला. अक्काने परात उचलली. बिस्किटं खालून काळी आणि वरून ओली. गूळ वितळून ताटलीला चिकटला होता. मधूनच एक टम्म फुगलं होतं, आईचं. तिने ते उचलून मोडायचा प्रयत्न केला. मोडलं नाही.

कोणीच हसलं नाही. आईने ते बिस्कीट चहात बुडवलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

मी विचारलं, "अक्का, नाव तुझं आहे. पुस्तकावर कुठलं टाकू? तू म्हणशील तसं."

मला वाटलं ती रागावेल, माझं नाव परत दे म्हणेल. मी त्याची तयारी केली होती. किती वर्षं करत होते! वसतिगृहात असताना कोणी मागून त्या नावाने हाक मारली की मला वाटायचं, मागे अक्का उभी आहे आणि हाक तिला आहे.

ती दुसरा घाणा लावत होती. या वेळी पाण्याचं भांडं तिने आईच्या हाताबाहेर सरकवलं होतं. "कंचंबी टाक," ती म्हणाली. "नावाचं मी काय करू? मला त्या नावानं आता कोन हाक मारतंय? आईबी अक्काच म्हनती. पन ते हासलेलं काढ. लोकं वाचत्याल, म्हनत्याल, हिला शाळा नगं हुती. तेवढं खोटं हाय."

तेवढंच तिचं मागणं होतं. एक वाक्य काढायचं. मी ते वाक्य तिथल्या तिथे पेनाने खोडू शकत होते. पण खोडलं तर खाली काय लिहायचं? ते वाक्य खोटं असेल तर त्याच्या आधीची सगळी गंमतही उभी राहत नव्हती. पुण्याला ज्या लेखावर सगळे हसले होते, तो अक्काच्या तीन दिवसांवर उभा होता. आणि मनोगतात मी लिहिलं होतं, 'यातलं सगळं खरं आहे.'

ऊन उतरायच्या आत मी गॅलरीत जाऊन बाईंना फोन केला. सांगितलं, नाव मनोगताखालचं छापा, ते टोपणनाव नाही. आणि सातवा लेख परत हवाय, नव्याने लिहायचा आहे.

"सातवाच?" बाई म्हणाल्या. "अहो, तोच तर सगळ्यात जमलाय."

"त्यात एक गोष्ट खोटी आहे."

 त्या म्हणाल्या, "यादी मी अडवून ठेवू शकत नाही. लेख आला की पुन्हा वाचू. तेव्हा काय ते ठरवू." आवाज सभ्य होता, पण सकाळचा नव्हता. मी फोन ठेवला. आठ महिने वाट बघून मिळालेलं मी पाच तासांत परत केलं होतं.

आत आले तर दुसरा घाणा निघाला होता. बिस्किटं तपकिरी, कडेला भेगा पडलेली, पण मोडत होती. आई म्हणाली, "कोरडी हायेत. पानी लावाय पायजे हुतं." अक्काने एक तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय म्हनल्या?"

"बघू म्हणाल्या."

"म्हंजी न्हाई?"

"म्हणजे बघू."

"माझ्यापायी गेलं का गं?"

"तुझ्यापायी नाही," मी म्हणाले. ते निम्मं खरं होतं. मला तिचा राग आला होता, आणि राग आला याची लाज वाटत होती. एक वाक्य काढ म्हणाली होती ती. बाकीचं माझं मी केलं होतं. अक्काने उरलेली बिस्किटं डब्यात भरली. निम्मी माझ्या फडताळात ठेवली, निम्मी तिच्या पिशवीत. तिला संध्याकाळची एस. टी. होती.

तो लेख लिहायला मला सगळा हिवाळा लागला. मला अक्काकडून ऐकायचं होतं आणि अक्का उसात होती. जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची. मागे ट्रॅक्टरचा आवाज, मध्येच कोणीतरी हाक मारायचं आणि फोन कट. भिंतीमागे बसायचीस तर सावली होती का? होती, पण दुपारनंतर नाही. फ्रॉक कोणता होता? "आता फ्रॉकचं बी लिवती का? निळा. न्हाई, थांब, हिरवा. दोन्ही सांगून ठिवते, पायजे तो घाल." मी सांगितलं, पाहिजे तो नाही, खरा तो पाहिजे.  "मंग माह्या ध्यानात न्हाई," ती म्हणाली. लेखात फ्रॉकला रंग नाही.

याच काळात मी कॉलेजात प्राचार्यांना जाऊन सगळं सांगितलं. पुस्तक आलं तर त्यांना बाहेरून कळू नये म्हणून. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू द्या. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?" मी म्हणाले, लेखी अर्ज देते. त्यांनी अर्ज घेतला, तारीख घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. पुढच्या सत्रात माझे तास निम्मे झाले. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आई मात्र रोज विचारते, "कागदाचं काय झालं?" नाव दुरुस्तीसाठी कचेरीत केलेला दुसरा अर्जही अजून तसाच आहे. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न असतो, मग इतकी वर्षं काय करत होता? मी शिकत होते, असं उत्तर मी एकदा दिलं. ते त्यांना आवडलं नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी लेख घेऊन कोपरगावकडच्या तळावर गेले. दुपारची वेळ, दाजी मोळ्या बांधत होते. कोप्या आता पाचटाच्या कमी आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या जास्त. अक्का वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर बसली, तोंडाचा फडका सोडला आणि म्हणाली, "वाच. पन हळू, ते मागल्या बारीवानी भरभर नगं."

मी हळू वाचलं. तिने तीनदा थांबवलं. एकदा चुलतीच्या बाजूने: "तिला लई वाईट नगं लिवू. तिनंच तुला खाऊ घातलं." एकदा आबांच्या बाबतीत, ते मी इथे सांगत नाही. आणि एकदा शेवटी, जिथे मी माफी मागितली होती. तिथे तिने हात वर केला.

"हे काढ. हे लोकांला कशाला ऐकवती? मला सांगायचं तर मला सांग."

मग मी तिला सांगितलं. उसाच्या फडाच्या कडेला, दाजींच्या देखत, मला जमेल तसं. तिने फडक्याने तोंड पुसलं. घामही असेल. "झालं का? बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माझं नाव टाकलंय का त्यात?"

"नाही. 'मोठी बहीण' म्हटलंय."

"मंग कोन कळनार? टाक की. माझं टाक, सासरचं नगं. आईनं ठिवलेलं."

"लोक विचारतील, या नावाची तर ही बाई कॉलेजात शिकवते."

"विचारू दे," अक्का म्हणाली. "तू सांग, ती धाकटी हाय."

दाजींनी हाक मारली आणि ती मोळी उचलायला गेली. मी एस. टी.त बसून माफीचा परिच्छेद खोडला आणि तिचं नाव सात ठिकाणी लिहिलं. त्याआधी ते नाव मी हजारदा लिहिलं होतं, उत्तरपत्रिकांवर, अर्जांवर, पगाराच्या कागदावर. दुसऱ्या कोणासाठी ते लिहायची ही पहिलीच वेळ.

लेख पाठवला. दोन महिने काही नाही. मग बाईंचं चार ओळींचं पत्र आलं. हा लेख हसवत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पूर्वीचा जास्त लोकांना आवडला असता, असंही. पुढे लिहिलं होतं, 'आम्ही हाच घेतोय.'

पुस्तक या उन्हाळ्यात आलं. मुखपृष्ठावर माझं बारशाचं नाव आहे. सातव्या लेखात अक्का तिच्या खऱ्या नावाने आहे आणि त्यात हसणारी मी आहे. आमच्या घरातल्या दोन बायकांची नावं छापून आली, आणि दोन्ही ज्यांची त्यांनाच लागली.